चीक नसलेलं फळ

जून लागला की लीड्समधल्या आमच्या चायनीज दुकानाच्या दाराशी निळे क्रेट येऊन बसतात. जाळीच्या पिशवीत एकेक काटेरी गोळा, देठाला पिवळी फीत. दुरियन आलं. मी खरं तर कढीपत्ता आणि मिरच्या घ्यायला आलेली असते. त्या घेऊन बाहेर पडते आणि क्रेटपाशी उभी राहते. एक फळ उचलते, देठ नखाने टोकरून ओला आहे का बघते, कानाशी धरून हलवते. आतून टक् असा बारीक आवाज आला तर गरा सालीपासून सुटलाय, म्हणजे फळ तयार. दुकानातली मुलगी आता मला ओळखते. "यू नो युअर दुरियन!" ती म्हणते. मी नुसती हसते. फळ घरी आणते, कापते, सगळ्यांना वाढते आणि स्वतः खात नाही. याला आता पाच वर्षं झाली.

या फळाच्या वासाबद्दल जगाने फार बोलून ठेवलंय. कुणाला गटार आठवतं, कुणाला नासका कांदा. माझा नवरा मकरंद त्याला गॅस लीक म्हणतो. मी भूलतज्ज्ञ आहे, हॉस्पिटलात दिवसभर लोकांना शुद्धीतून बेशुद्धीत आणि परत आणते. वासांबाबत माझं नाक काही अगदीच अडाणी नाही. मला त्यात आधी कांदा येतो, मग करपत आलेली साखर, आणि सगळ्यात शेवटी, बऱ्याच मागून, आमच्या राजापूरच्या घराची मागची पडवी येते. तिथे गोणपाटावर पिकत पडलेला फणस. तेवढ्यासाठी मी त्या क्रेटपाशी उभी असते.

कापा फणस खाणारी माणसं आणि बरका खाणारी माणसं यांचं कोकणात सहसा जमत नाही. माझ्या आईवडिलांचं चाळीस वर्षं जमलं. आई कापावाली: गरा कसा करकरीत, दाताखाली वाजणारा हवा. अण्णा बरकावाले: गिळगिळीत, घशातून आपोआप उतरणारा. गंमत म्हणजे कापा फोडायचे अण्णा आणि बरका सोलायची आई. तिला बरक्याचा नुसता स्पर्श नकोसा व्हायचा, तरी कोपरापर्यंत खोबरेल चोपडून ती बसायची आणि त्यांच्या ताटलीत गरे टाकत राहायची. तेल नसलं तर चीक हाताला असा धरतो की दोन दिवस सुटत नाही. दोघं बोलायची फारशी नाहीत. अण्णा एसटीत कंट्रोलर होते, स्टँडवरच्या खिडकीत बसून त्यांनी आयुष्यभर गाड्या सोडल्या; घरी आल्यावर त्यांना बोलायचा कंटाळा असे. पण फणसाच्या दिवसांत ती दोघं पडवीत समोरासमोर तेलकट हातांनी बसली की आम्ही भावंडं तिकडे फिरकायचो नाही. आपलं तिथे काही काम नाही हे मुलांनाही कळतं.

आई कार्तिकात गेली. माघात दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णांना काशीला घेऊन गेला. काशीला गेलं की आवडीची एक गोष्ट सोडून यायची, ही आपल्याकडची जुनी रीत, आणि तिच्यातल्या पळवाटाही तितक्याच जुन्या. माझ्या मामींनी सुरण सोडला, कारण सुरणाने त्यांचा घसा खाजायचा. एका काकांनी कारलं सोडलं तेव्हा काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा खोटं बोलणं सोडायचंत." अण्णांना पळवाट सुचली नाही किंवा नको होती. ते फणस सोडून आले. दादाने फोनवर सांगितलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. ऑपरेशन थिएटरच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आता जूनमध्ये हा माणूस करणार काय.

म्हणून मी त्यांना मेच्या अखेरीस इकडे आणलं. बारा वर्षं झाली त्याला. सदरा खांद्यावरून ओघळत होता. अर्धी पोळी खायचे, ताट बाजूला सारायचे, म्हणायचे, "झालं, बाय." मला ते बायच म्हणत. काय हवं विचारलं तर काही नको. माझी लेक सई तेव्हा अकरा वर्षांची. ती स्कूलमधून येऊन त्यांच्यापुढे क्रम्पेटपासून कस्टर्डपर्यंत सगळं ठेवून बघायची. ते तिच्या समाधानासाठी एक घास घ्यायचे. मी डॉक्टर असून मला समोर दिसत होतं, की हा माणूस दर दिवशी थोडा थोडा निघून चाललाय, आणि त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

माझ्या थिएटरमध्ये आयरीन नावाची सिस्टर आहे. मलेशियाची, चिनी घरातली. तिच्या वडिलांची पहांगच्या डोंगरात दुरियनची बाग होती. तिच्याजवळ एकदा कॉफी पिताना मी हे सगळं बोलले. जूनच्या दुसऱ्या शनिवारी ती एक फळ टॉवेलात गुंडाळून आमच्या दारात हजर. साधंसुधं नाही, मुसांग किंग. या जातीची प्रत ओळखायची खूण तिने मला तेव्हाच शिकवली: फळ उलटं धरायचं, बुडाशी पाच पाकळ्यांची चांदणी दिसली पाहिजे. आतला गरा हळदीसारखा पिवळा, बी चपटी, चव आधी गोड आणि मग कडवट. कडूपणा जितका रेंगाळेल तितकं फळ वरच्या दर्जाचं. थायलंडच्या मोठ्या दुरियनबद्दल तिचं मत वाईट होतं. "गोड असतं," ती म्हणाली, "पण आत काही घडत नाही." मुसांग किंगच्या एका फळाला इथे पन्नास-साठ पौंड सहज पडतात. तिने किंमत सांगितली नाही आणि मी विचारली नाही.

किचन टेबलवर ते काटेरी ध्यान बघून अण्णा खुर्चीतून उठलेच. जवळ आले, वाकून वास घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन ते म्हणाले, "मला चालायचा नाही, बाय. मी सोडलाय." आणि बागेत जाऊन उभे राहिले.

आयरीनला हे कसं समजावायचं या चिंतेत मी होते. सांगितलं. ती अजिबात हसली नाही. तिच्या आजीने म्हणे कुआन यिन देवीसाठी बीफ सोडलं होतं, शेवटपर्यंत. "चीटिंग करायचं नाही," ती म्हणाली, "पण नीट चौकशी करायला काय हरकत आहे? अंकलना बोलाव."

मग जी चौकशी झाली तिचा मान आयुष्यभर गाड्यांच्या वेळा तपासलेल्या माणसालाच. अण्णा चष्मा लावून बसले आणि इंग्रजीत विचारू लागले.

"ट्रंक किंवा ब्रांच?" फळ खोडाला लागतं की फांदीला?

"ब्रांच, अंकल."

फणस खोडाला लागतो. अण्णांनी मान डोलावली. "हाऊ यू टेक डाउन? रोप?"

"नो रोप, अंकल! नेव्हर कट. वी वेट. इट फॉल्स बाय इटसेल्फ."

हे त्यांना पटेना. फणस आपण देठाला धार लावून, दोरीने उतरवतो. हे फळ झाडावर कुणी कापत नाही. खाली जाळी बांधतात आणि वाट बघतात. पिकलं की ते स्वतःच झाड सोडतं. अण्णांनी ते मला मराठीत दोनदा सांगायला लावलं.

"आता चीक बघू," ते म्हणाले. "खोबरेल आण."

मी बाटली आणली. त्यांनी बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत तेल चोपडलं. सुरीलाही लावलं. आयरीन थक्क होऊन बघत होती. दुरियनला कुणी तेल लावत नाही, त्याचे काटे टोचतात तेवढी काळजी घ्यायची. तिने चांदणीच्या रेघेवर सुरी रोवून दाखवली, अण्णांनी ती फिरवली, साल करकरत उघडली. सोनेरी गरे. त्यांनी सुरीचं पातं उजेडात धरलं, बोटं एकमेकांना चिकटवून पाहिली, पुन्हा पाहिली. कुठे काही धरत नव्हतं.

"नो गम," अण्णांनी निकाल दिला. "देअरफोर, नॉट फणस."

पहिला गरा त्यांनी उचलला आणि तोंडात टाकला. तो बरक्याहून मऊ होता. ते चावत नव्हते, नुसते डोळे मिटून बसले होते, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. मग ते दुसरा खायला लागले. सई नाक धरून दारात उभी होती. "आजोबा, हा खूप स्मेली आहे! तुम्ही रडतो का?"

"तिखट आहे गं," अण्णा म्हणाले.

खाऊन झाल्यावर आयरीनने रिकामी साल उचलली. गऱ्याच्या जागी होडीसारखा खळगा राहतो. त्यात नळाचं पाणी घेतलं, चिमूटभर मीठ घातलं, बोटाने ढवळलं आणि अण्णांपुढे धरलं. हे फळ उष्ण, त्याच्याच सालीतलं पाणी प्यालं की उष्णता उतरते आणि तोंडाचा वासही जातो, अशी तिकडची समजूत. वर दुरियननंतर दारू अजिबात नाही. अण्णांना हे बोलणं ओळखीचं वाटलं. आमच्याकडे फणसावर विडा खात नाहीत. सालीतलं खारं पाणी गटागटा पिऊन त्यांनी तोंड पुसलं आणि आयरीनला म्हणाले, "युअर पीपल अँड अवर पीपल, सेम."

त्या उन्हाळ्याचा प्रत्येक शनिवार मला आठवतो. खोटं कशाला बोलू, सगळे एकमेकांत मिसळून आठवतात. दुपारी दोनला आयरीनची गाडी, टॉवेलातलं फळ, वर्तमानपत्र पसरलेलं बागेतलं टेबल, कारण मकरंदने घरात बंदी घातली होती. अण्णा कान लावून फळ हलवताहेत आणि आयरीन दुसऱ्या बाजूने कान लावते आहे. मुसांग किंग प्रत्येक वेळी कुठून परवडणार? मग साधी फळं यायची, कधी गोठवलेल्या गऱ्यांचं खोकं. अण्णा त्यांनाही तेल लावूनच हात घालायचे. गरज नव्हती. मी एकदा तसं बोलले तर म्हणाले, "असू दे."

आणि मग स्वयंपाकघराकडे त्यांची पावलं वळली. गर, गूळ, तांदळाचा रवा, नारळाचं दूध घेऊन त्यांनी सांदणं वाफवायला लावली. आईची सांदणं त्यांनी जन्मभर नुसती खाल्ली होती, पण बघून ठेवलेलं हाताला आठवत होतं. पहिला घाणा दगड झाला. दुसरा आयरीनने डबा भरून हॉस्पिटलात नेला आणि डबा पुसून परत आला. आठळ्या उकडून, सोलून आमटीत पडल्या; फणसाच्या आठळीपेक्षा त्या बुळबुळीत लागतात, पण अण्णांनी दोन वाट्या भात त्या आमटीशी खाल्ला आणि मी सिंककडे तोंड करून भांडी घासत राहिले, कारण मला रडू येत होतं. फणसपोळीसारखी दुरियनपोळीही झाली. लीड्सचं ऊन ते काय! ताटात पसरलेला गर काचेच्या कन्झर्वेटरीत आठवडाभर सुकत पडला आणि मकरंद आठवडाभर मागच्या दाराने ये-जा करत राहिला. "अहो अण्णा," तो काकुळतीने म्हणाला, "शेजारी कौन्सिलला कळवतील हो." अण्णा म्हणाले, "कळवू देत. त्यांनाही तुकडा देऊ."

नोव्हेंबरात ते परत निघाले तेव्हा सदरा खांद्यावर बसत होता. मँचेस्टर एअरपोर्टवर व्हीलचेअरवाला यायची वाट बघत असताना त्यांनी माझा हात धरला.

"बाय, तिला ते चाललं असेल ना गं?"

मला लगेच समजलं नाही. मग समजलं, आईबद्दल विचारताहेत. पार्किंगची वेळ संपत आली होती, माझं लक्ष घड्याळाकडे होतं. "अहो अण्णा, ते वेगळंच फळ आहे. जात वेगळी, चीक नाही. तुम्हीच नाही का निकाल दिलात?"

"फळ वेगळंच," ते म्हणाले. "पण हात तेच चालत होते."

व्हीलचेअर आली. मी वाकून नमस्कार केला, ते गेले. त्यांच्या त्या वाक्याला मी उत्तर दिलं नाही, आणि पुढे फोनवर इतक्या गोष्टी बोललो, पण तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. त्यांना फळ सोडायचं नव्हतंच. समोरासमोर बसणं सोडून यायचं होतं, ते काही काशीला सुटलं नाही. लीड्समध्ये एक वेगळं माणूस समोर बसलं आणि ते पुन्हा सुरू झालं. त्यात आईला फसवलं असं काय होतं? पण हे मला आज सुचतं. एअरपोर्टवर सुचायला हवं होतं.

मग गुडघ्यांनी त्यांना विमानात चढू दिलं नाही. जून आला की फोनवर विचारायचे, "तुमचा तो नॉट फणस आला का?" मी सांगायची, आला. "बुडाशी चांदणी बघून घे हो."

पाच वर्षांपूर्वी ते गेले आणि आम्ही भावंडं त्यांच्या अस्थी घेऊन काशीला गेलो. सगळं आटपल्यावर गुरुजींनी विचारलं, काय सोडता? दादाने पपई सोडली. मला कळायला लागल्यापासून त्याने पपई खाल्लेली मी पाहिलेली नाही. माझी पाळी आली. मी काही ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघालं, "दुरियन." गुरुजींनी दोनदा विचारलं. दादा बाहेर आल्यावर खो खो हसला. "वा! मग मीही पुढच्या खेपेला पेंग्विनचं मटण सोडतो. देवाला फसवतेस होय गं? इथे ते फळ कुणाच्या बापाने पाहिलंय?"

आपल्याच बापाने पाहिलं होतं, हे मी त्याला म्हटलं नाही. फणस सोडून भागलं नसतं. फणस त्या दोघांचा होता, माझा नव्हताच. माझं आणि अण्णांचं म्हणून जे काही होतं ते एवढं एकच, एका उन्हाळ्याचं. दुसरं काय सोडणार होते मी?

सोडलेल्या गोष्टीबद्दल आपल्याकडे फार बोलू नये म्हणतात. मी घरात सांगितलं, ॲसिडिटी होते. दर जूनला फळ आणते, खोबरेल लावून कापते, आयरीनला सांदणं करून देते. तिला माहीत आहे. तिला सांगावं लागलं नाही. मी बोटं चाटत नाही, साबणाने धुते, आणि साबणावर मात करून दोन दिवस वास बोटांना राहतो. रविवारी रात्रीपर्यंत तो असतो, सोमवारी थिएटरसाठी हात घासून घेतले की जातो. एवढ्या वर्षांत मोह झाला का? दर वेळी झाला. भूक असते तशी नाही. कुणाचा तरी आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो, तसा.

गेल्या शनिवारी सई आली. ती आता तेवीस वर्षांची, ब्रॅकनेलला एका टेक कंपनीत नोकरी करते. हातात पिकनिकचा कूलबॉक्स. "आई, बर्थडे प्रेझेंट! लेट आहे, बट सीझनची वाट बघितली." आत तीन टॉवेलांत गुंडाळलेलं मुसांग किंग. ट्रेनमध्ये म्हणे लंडनपासून तिच्या आसपासच्या सगळ्या सीट्स रिकाम्या झाल्या. लहानपणी नाक धरून दारात उभी राहणाऱ्या माझ्या मुलीने फळ उलटं करून मला दाखवलं. "स्टार आहे. आजोबा म्हणायचे ना, स्टार बघ?"

मी खोबरेल आणलं. तिने विचारलं नाही का म्हणून. तिला वाटतं दुरियन असंच कापतात. तिनेही बाह्या सारल्या. बागेतल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसलो, साल करकरली, आणि तिने पहिला गरा उचलून माझ्या तोंडासमोर धरला.

मी ॲसिडिटी म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते म्हणवेना. खरं ते सांगितलं. काशीचं, दादाच्या पेंग्विनचं, एअरपोर्टचंही. तिचा हात तसाच हवेत राहिला होता. सांगून झालं तेव्हा तिने गरा परत सालीत ठेवला.

"कायमचं?" ती म्हणाली.

"कायमचं."

"थोडंसं? टिनी बाइट? कोणाला कळणार?"

"मला कळेल."

ती रागावली. अण्णांसारखी गप्प होऊन रागावते. "मग तू दर वर्षी आणतेस कशाला? दॅट्स जस्ट सॅड, आई." मीही चिडून म्हटलं, तू खा, एवढं आणलंयस तर गार होण्याआधी खा. जूनमध्ये, बागेत, फळ काय गार होणार! दोघींनाही हसू आलं नाही. ती खायला लागली. सावकाश, एकेक, माझ्याकडे न बघता. आधी गोड लागलं असणार, मग कडवट. तिच्या भुवया तशा हलल्या. मी तिच्या ताटलीत गरे टाकत राहिले.

संपल्यावर ती उठली, रिकामी साल घेऊन आत गेली. मला वाटलं, बिनमध्ये टाकायला नेली. नळाचा आवाज आला. दोन्ही हातांनी ती साल धरून, पाणी सांडू नये म्हणून हळूहळू पावलं टाकत ती बाहेर आली.

"मी मीठ घातलाय," ती म्हणाली. "आयरीन आंटी आजोबांना द्यायची. पाणी तर फळ नाही ना? चेक कर."

मी बघत राहिले. काठावर गराचा एकही पिवळा धागा नव्हता, तिने सगळं आधीच नीट पुसून काढलं होतं. मी बोट पाण्यात बुडवलं, अंगठ्यावर घासून पाहिलं. कुठे काही धरत नव्हतं.

सालीला तोंड लावलं आणि प्यायले. खारं पाणी, आणि त्याच्या मागून, बऱ्याच मागून, ते सगळं आलं.

"अजून देऊ?" सईने विचारलं.

"दे," मी म्हटलं.